‘फिरंगी’, ‘फिरंगाण’ आणि वसई : एका शब्दाचा अर्थेतिहास

१

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील पोर्तुगिजांच्या ताब्यातील मुलखाला अठराव्या शतकातील मराठी लेखनात ‘फिरंगाण’ असे नाव आढळते. वसई हे ह्या फिरंगाणाचे मुख्य ठाणे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसईचा कोट घेतला आणि राजकीय वस्तुस्थिती म्हणून फिरंगाण संपले. विजयानंतर वसईला ‘बाजीपूर’ असे नाव दिले गेले. ते रुजले नाही, जुने ‘वसई’ टिकले. ‘फिरंगाण’ हा शब्दही यथावकाश व्यवहारातून गेला. परंतु शब्द व्यवहारातून गेला म्हणजे त्याने घडवलेली विचाराची चौकट नाहीशी झाली, असे होत नाही. मराठी साहित्याच्या आणि इतिहासाच्या लेखनात वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाविषयी जेव्हा जेव्हा काही म्हटले जाते, तेव्हा तेव्हा ही चौकट नकळत आपले काम करीत असते. म्हणून ह्या शब्दाची चौकशी करणे हे केवळ व्युत्पत्तिशास्त्राचे काम उरत नाही.

‘फिरंगी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, हे सर्वमान्य आहे. व्युत्पत्तीचा शोध बहुधा येथे थांबतो. वस्तुतः फारसी हा ह्या शब्दाच्या प्रवासातील एक मधला मुक्काम आहे. शब्द उत्तर युरोपात निघाला, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर त्याचा अर्थ पालटला आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर तो अनेक भाषांत अनेक रूपांनी विखुरला. ह्या संपूर्ण प्रवासात एक गोष्ट कायम राहिलेली दिसते. हा शब्द एखाद्या समाजाचे वर्णन करीत नाही, बोलणारा आणि बोलण्याचा विषय ह्यांच्यामधील अंतर तो निश्चित करतो. त्यामुळे त्याचा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा तो कोण, कोणत्या जागी उभे राहून उच्चारतो आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. मराठीने हा शब्द एका काळी विलक्षण नेमकेपणाने वापरला आणि त्याच मराठीत पुढे तो सैल झाला. हे कसे घडले, आणि त्या सैलपणाची किंमत कोणाला द्यावी लागली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

‘फिरंगी’च्या मुळाशी ‘फ्रँक’ हे जमातीचे नाव आहे. ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातील जर्मानिक टोळ्यांसाठी हे नाव इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून रोमन लेखनात येऊ लागते. त्याची सर्वांत ग्राह्य मानली गेलेली व्युत्पत्ती एका शस्त्राशी जोडलेली आहे. प्राचीन इंग्रजीत ‘फ्रांका’ म्हणजे फेकायचा भाला. प्राचीन नॉर्समध्ये ‘फ्राक्का’ ह्या शब्दाचा अर्थही भाला असाच आहे. शस्त्रावरून जमातीचे नाव पडणे हे जर्मानिक जगात अपवादात्मक नाही. सॅक्सन लोकांचे नाव ‘सॅक्स’ ह्या सुऱ्यावरून आले, असे मानले जाते. ‘फ्रँक’ म्हणजे ‘स्वतंत्र’ हा अर्थ मागाहूनचा आहे. गॉलमध्ये फ्रँकांचे राज्य झाल्यावर पूर्ण नागरी स्वातंत्र्य ज्यांना होते ते मुख्यतः फ्रँक होते; त्यामुळे जमातीचे नाव हे दर्जाचे विशेषण बनले. सत्तेने अर्थाला वर उचलल्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे, कारण ह्याच शब्दाच्या वाट्याला नेमका उलटा प्रवास पुढे आला.

नॉर्डिक भाषांत ह्या नावाची दोन रूपे आजही शेजारी शेजारी नांदतात. आइसलँडिकमध्ये फ्रान्सला ‘फ्राक्लांद’ म्हणतात. स्वीडिश व नॉर्वेजियनमध्ये ‘फ्रांक्रिके’, डॅनिशमध्ये ‘फ्रांक्रिग’. ह्यांतील पहिले रूप जुन्या नॉर्सच्या ध्वनिनियमाला धरून आहे. त्या भाषेत ‘न्क’ ह्या जोडाचा ‘क्क’ होतो. इंग्रजीतील ‘ड्रिंक’च्या जागी तेथे ‘द्रेक्का’ येते, तसेच ‘फ्रँक’च्या जागी ‘फ्राक्की’. स्वीडिश, नॉर्वेजियन आणि डॅनिश रूपे मात्र जर्मनच्या ‘फ्रांकराइश’शी समांतर आहेत. म्हणजे एकाच लोकसमूहाचे एक नाव जुन्या परिचयातून आले आणि दुसरे पुढील राज्यव्यवहारातून. नॉर्डिक भाषकांच्या दृष्टीने ‘फ्राक्की’ हा दक्षिणेचा शेजारी होता. त्याच्याशी व्यापार होता, लढाया होत्या, त्याच्या नद्यांतून लुटीसाठी जाणे होते. तो परका होता, पण अनोळखी नव्हता. शब्दात अंतर आहे, परंतु ते मोजता येण्याजोगे आहे.

हे मोजता येणे पूर्वेकडे जाताना संपते. बायझन्टिनी ग्रीकांनी हे नाव ‘फ्रांगॉय’ असे घेतले आणि पश्चिम युरोपातील लॅटिन ख्रिस्ती लोकांना ते सरसकट लावले. तरीही कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराला एक भेद अवगत होता. सम्राटाच्या अंगरक्षक दलातील उत्तरेकडील लोकांसाठी तेथे ‘वारांगॉय’ हा वेगळा शब्द होता आणि तो नॉर्समधील ‘वेरिंगयार’, म्हणजे शपथबद्ध सहकारी, ह्या शब्दाशी संबंधित होता. अरबी भाषेत धर्मयुद्धांच्या काळात हा भेद उरला नाही. ‘इफ्रंज’ किंवा ‘फरंज’ म्हणजे पश्चिमेकडून आलेला कोणीही. नॉर्वेचा राजा सिगुर्द इ. स. १११० मध्ये सायडनच्या वेढ्यात जेरुसलेमच्या राजाच्या बाजूने आपले आरमार घेऊन उतरला, तेव्हा अरबी इतिहासकारांनी त्याची गणना फरंजांच्या राजांतच केली. ज्याच्या मातृभाषेत ‘फ्राक्की’ म्हणजे दुसरा कोणीतरी, तोच येथे फरंज ठरला. ह्या एका प्रसंगात ह्या शब्दाचे सर्व तर्कशास्त्र सामावलेले आहे. नाव वाहणाऱ्याचा त्याच्यावर अधिकार नसतो. तो अधिकार नाव ठेवणाऱ्याचा असतो.

३

अरबीतून आणि फारसीतून हा शब्द हिंदी महासागराच्या व्यापारी मार्गांवर पसरला, तो पोर्तुगिजांच्या आगमनाच्या आधीच. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला तेव्हा त्याच्यासाठी शब्द तयारच होता. नाव आधी आले आणि नामधारी मागाहून. ह्यापुढे प्रत्येक भाषेने आपल्या ध्वनिव्यवस्थेप्रमाणे त्याला आकार दिला. मराठीत त्याचे ‘फिरंगी’ हे रूप रुजले. तमिळमध्ये ‘फ’ नसल्यामुळे ‘परंगी’ झाले. थाईत ‘फरांग’, इथिओपियात ‘फेरेंज’, चिनीत ‘फोलांगजी’. चिनी शब्द माणसाइतकाच त्याच्या तोफेलाही लावला गेला. बाबराच्या आत्मचरित्रातही पानिपतच्या १५२६ च्या लढाईच्या वर्णनात ‘फिरंगी’ हे तोफेचे नाव म्हणून येते. भाल्यापासून निघालेला शब्द अशा रीतीने दारूगोळ्यापाशी येऊन पोहोचला होता.

ह्या प्रवासातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. इटालियन जेझुइट रोबेर्तो दे नोबिली १६०६ मध्ये मदुराईला आला, तेव्हा तेथे पोर्तुगीज मिशनरी गोन्सालो फर्नांदिश ह्याचे काम चालू होते. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्याला तेथे जो प्रश्न विचारला जाई, त्याचा आशय ‘तुला परंगींच्या कुळात यायचे आहे काय?’ असा होता. विचारणाऱ्यांच्या मनात ‘परंगी’ म्हणजे पोर्तुगीज आणि पर्यायाने ख्रिस्ती, एवढाच निर्मळ, किंबहुना अभिमानास्पद अर्थ होता. ऐकणाऱ्यांच्या मनात ‘परंगी’ म्हणजे गोमांस खाणारा, मद्य पिणारा, स्नान व सोवळे न पाळणारा मनुष्य. दोघे एकच शब्द बोलत होते आणि दोन वेगळ्या भाषा बोलत होते. नोबिलीने हे ओळखले, तो प्रश्न बंद केला, आणि आपण परंगी नव्हे असे जाहीर करून संन्याशाचा वेष व आचार स्वीकारला. त्याच्या पद्धतीविषयी पुढे रोमपर्यंत मोठा वाद झाला. त्या वादाच्या धर्मशास्त्रीय बाजूत येथे शिरण्याचे कारण नाही. अर्थविचाराच्या दृष्टीने त्याने केलेली गोष्ट मूलगामी होती. श्रद्धा आणि वंश ह्यांची एका शब्दाने घातलेली गाठ त्याने सोडवली.

राइनहार्ट कोसेलेकने ‘असममित प्रतिसंकल्पना’ अशी जी कोटी मांडली आहे, तिच्यात ‘हेलेनिक–बर्बर’, ‘ख्रिस्ती–मूर्तिपूजक’ अशा जोड्या येतात. अशा जोडीतील एक पक्ष दुसऱ्याला जे नाव देतो ते दुसरा पक्ष स्वतःसाठी स्वीकारू शकत नाही. त्या नावात संवादाची शक्यताच ठेवलेली नसते. ‘परंगी’ हा असा शब्द आहे. मात्र कोसेलेकच्या उदाहरणांत न दिसणारी एक गोष्ट येथे दिसते. असममितीचा तोल सत्तेबरोबर बदलतो. राज्यकर्त्याला उद्देशून उच्चारलेला ‘फिरंगी’ आणि प्रजेला उद्देशून उच्चारलेला ‘फिरंगी’ हे दिसायला एक असले तरी अर्थाने दोन शब्द आहेत.

४

आता मराठीकडे वळू. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील मराठी राज्यव्यवहारात ‘फिरंगी’ ह्या शब्दाचा अर्थसंकोच झालेला आढळतो, आणि तो संकोच अज्ञानाचा नसून ज्ञानाचा आहे. अरबीत जो शब्द पश्चिमेकडील सर्वांना व्यापत होता तो मराठीत फक्त पोर्तुगिजांचा झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारांचा विचार करताना ‘टोपीकर’ हा सामान्य वर्ग सांगितला आहे आणि त्याच्या पोटात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस व डिंगमार अशी वेगवेगळी नावे दिली आहेत. वलंदेज म्हणजे डच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. ‘डिंगमार’ हे रूप पोर्तुगीज ‘दिनामार्का’वरून घडलेले आहे. म्हणजे नॉर्डिक जगाची ओळख मराठीला पोर्तुगीज उच्चारातून झाली. ज्या उत्तरेत ‘फिरंगी’चे मूळ, त्या उत्तरेतील माणूस मराठीत ‘फिरंगी’ ठरला नाही, त्याला स्वतंत्र नाव मिळाले. अरबी इतिहासकारांनी नॉर्वेच्या राजाला फरंजांत बसवले. मराठी अमात्याने डॅनिश व्यापाऱ्याला फिरंग्यांपासून वेगळे काढले. तंजावर राज्यात तरंगंबाडी येथे १६२० पासून डॅनिश कंपनीची वखार होती आणि १६७६ नंतर त्या राज्याचे धनी भोसले होते, हे पाहता ‘डिंगमार’ हा मराठ्यांच्या दृष्टीने केवळ ऐकीव शब्द नव्हता.

ह्याच व्यवहारात आणखी एक मराठी लकब दिसते. ‘मुंबईकर इंग्रज’, ‘गोवेकर फिरंगी’, ‘जंजिरेकर हबशी’ ही त्या काळची नामकरणाची रीत. ‘कर’ हा प्रत्यय परक्याला एका ठिकाणाशी बांधतो, त्याच्याशी तह करता येईल किंवा लढता येईल अशा अंतरावर आणून ठेवतो. परकेपणा मान्य करूनही त्याला भूगोलात जागा देण्याची ही पद्धत राज्यकर्त्या भाषेच्या आत्मविश्वासाची खूण आहे.

राज्यव्यवहाराबाहेर लोकभाषेत ह्याच शब्दाचा विस्तार वस्तूंच्या दिशेने झाला. ‘फिरंग’ म्हणजे सरळ पात्याची तलवार. युरोपातून आलेल्या पात्यांना येथे देशी पद्धतीची मूठ बसवली जाई आणि त्या संयोगातून घडलेले शस्त्र मराठा सरदारांच्या पसंतीचे होते. भाल्याच्या नावाने आरंभ झालेला शब्द हजार वर्षांनी, त्या मुळाची कोणतीही स्मृती न ठेवता, पुन्हा एका शस्त्राचे नाव झाला. हा योगायोग आहे. पण लोकसमूह त्याच्या शस्त्रावरून ओळखला जातो आणि शस्त्र त्याच्या लोकसमूहावरून, ह्या दुहेरी लक्षणेचा तो नमुनाही आहे. १६६० मध्ये शाएस्तेखानाविरुद्ध चाकणचा संग्रामदुर्ग लढवणाऱ्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी नरसाळा. दौंडजवळ कुरकुंभ येथे फिरंगाई देवीचे स्थान आहे. किल्लेदाराचे नाव देवतेवरून ठेवलेले असो वा तलवारीवरून आलेले असो, ज्या शब्दाला ‘जी’ आणि ‘आई’ जोडता येतात तो शब्द त्या समाजात केवळ निंदाव्यंजक नसतो, हे उघड आहे.

निंदेची दिशाही होतीच. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथात ‘फिरंगरोग’ हे नाव उपदंशासारख्या एका व्याधीला दिले असून फिरंग देशात तो विपुल असतो आणि फिरंगी स्त्री-पुरुषांच्या संसर्गाने होतो, असे त्याचे कारण सांगितले आहे. श्रीलंकेत ‘परंगी’ हेही एका त्वचारोगाचे नाव आहे. रोगाला शेजाऱ्याचे नाव देण्याची प्रथा जगभर आढळते; ह्याच रोगाला इटलीत ‘फ्रेंचांचा रोग’ म्हणत. रानात आपोआप वाढणाऱ्या काटेरी पिवळ्या धोत्र्याला मराठीत ‘फिरंगी धोत्रा’ हे पर्यायी नाव आहे, ते ह्याच वर्गातले.

परंतु ह्या वस्तुविस्ताराला एक मर्यादा आहे आणि ती बोलकी आहे. पाव, बटाटा, काजू, पपई, कोबी, तंबाखू, साबण, इस्त्री, चावी, घमेले, पगार, लिलाव : पोर्तुगिजांच्या संसर्गातून मराठीत आलेल्या अशा शब्दांपैकी एकालाही ‘फिरंगी’ हे विशेषण चिकटले नाही. काजूला मलयाळमने ‘परंगी’ झाडाचे फळ ठरवले. मराठीने तो सरळ घरचा मानला. वस्तू घरात आल्या, शब्द घरात आले, त्यांचे मूळ विसरले गेले. माणसांच्या बाबतीत हे विस्मरण घडले काय, हा पुढचा प्रश्न आहे.

५

२३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या अंमलाखालील बेटे व मुलूख पोर्तुगिजांना दिला. पुढील दोन शतके वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्यालय होते. ह्या काळात पानमळे व केळीच्या वाड्या राखणाऱ्या, शेती आणि मासेमारी करणाऱ्या समाजांतील मोठा भाग ख्रिस्ती झाला. धर्मांतराची कारणे आणि साधने एकसारखी नव्हती. सत्तेचा दबाव त्यांत होता, तसे इतरही हेतू होते. त्यांची चर्चा इतिहासकारांनी केली आहे. आपल्याला येथे भाषेकडे पाहावयाचे आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, वाघोली, गास ह्या गावांच्या परिसरात जी सामवेदी अथवा कादोडी बोली बोलली जाते, ती सामवेदी ब्राह्मणांची आहे आणि ख्रिस्ती कुपारी समाजाचीही आहे. वाडवळी बोलीही अशीच दोन्ही धर्मांच्या लोकांची आहे. बोली धर्मांतरापूर्वीची आहे आणि धर्मांतराने ती तुटली नाही, ह्याचा ह्याहून सबळ पुरावा मागण्याचे कारण नाही. पोर्तुगीज शब्द तिच्यात आले, परंतु ते प्रामुख्याने चर्चच्या विधींच्या आणि नात्यांच्या क्षेत्रात. ‘कुपारी’ हा समाजवाचक शब्दच पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला असे सामान्यतः सांगितले जाते. कोम्पाद्रे म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा बाप आणि धर्मपिता ह्यांच्यात जुळणारे नाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या समाजाने परक्या भाषेतून स्वतःसाठी घेतलेला शब्द नात्याचा आहे, वंशाचा नाही. बायकांचे नऊवारी लुगडे, लग्नातील उंबराच्या पाण्याचा विधी, जातवार वस्त्या आणि जातवार बेटीव्यवहार ह्या सर्व गोष्टी चालूच राहिल्या. मदुराईत नोबिलीला जी गाठ प्रयत्नपूर्वक सोडवावी लागली ती वसईच्या वाड्यांत कधी पक्की बसलीच नव्हती. तेथील माणूस ख्रिस्ती झाला, परंतु फिरंगी झाला नाही.

भूप्रदेशाचे नाव मात्र ‘फिरंगाण’ होते. ‘फिरंगी’ हा शब्द व्यक्तीला लावताना तिला ओळखणे भाग पडते. ‘फिरंगाण’ हा शब्द ओळखीची गरजच ठेवत नाही. राज्यकर्त्यावरून प्रदेशाचे नाव आणि प्रदेशावरून रहिवाशांचे, असा हा लक्षणेचा उलटा ओघ आहे. १७३७ ते १७३९ ह्या मोहिमेत ‘फिरंगाण घेणे’ हा राजकीय हेतू स्पष्ट होता आणि त्यातील फिरंगी म्हणजे पोर्तुगीज राजसत्ता, हेही लढणाऱ्यांना ठाऊक होते. वसईच्या शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने जाऊ देण्याचे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक देण्याचे कलम होते. ‘जाणारे’ आणि ‘राहणारे’ हा भेद त्या तहाला करता आला.

येथेच शब्दाचा कणा वळतो. फिरंगी गेले, फिरंगाणातील माणसे राहिली. युरोपीय मिशनरी निघून गेल्यावर देशी पाद्रींनी त्यांची धर्मव्यवस्था सांभाळली. आता ‘फिरंगी’ हे नाव ज्याला खरोखर लागू होते तो वसईत नव्हता, आणि जो वसईत होता त्याला ते लागू नव्हते. परंतु रिकामे झालेले नाव रिकामे राहत नाही. पूर्वी सत्ताधाऱ्याकडे रोखलेला शब्द आता सत्ता गमावलेल्या धर्माच्या सामान्य अनुयायांकडे वळू शकत होता. पुढे इंग्रजी अंमलात ह्याच प्रमादाला प्रशासकीय रूप आले. ठाणे जिल्हा आणि मुंबई बेट येथील ख्रिस्ती लोकांना कागदोपत्री ‘पोर्तुगीज’ म्हटले जाऊ लागले. ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोलली जात नव्हती आणि ज्यांनी पोर्तुगाल स्वप्नातही पाहिले नव्हते, ते केवळ आडनावांच्या आधारे पोर्तुगीज ठरले. मराठीच्या जुन्या राज्यव्यवहाराने दाखवलेला विवेक आधुनिक प्रशासनाला दाखवता आला नाही.

युल आणि बर्नेल ह्यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या १८८६ च्या कोशात ‘फिरंगी’ हा शब्द विशेषतः भारतात जन्मलेल्या पोर्तुगिजांना लावला जातो आणि देशी लोकांच्या तोंडी युरोपीयांसाठी आला तर त्यात वैरभावाची किंवा तुच्छतेची छटा असते, अशी नोंद आहे. पुढल्याच वर्षी, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मुंबई, साष्टी आणि वसईकडील मूळ रहिवासी ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याहून मुंबईत येणाऱ्या पोर्तुगीज प्रजाजनांपासून आपण वेगळे आहोत, हे सरकारी नोकऱ्यांच्या संदर्भात ठसवणे हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. तो मान्य करूनही ह्या नामकरणातील विसंगती नजरेआड करता येत नाही. ‘पोर्तुगीज’ ह्या चुकीच्या नावातून सुटण्यासाठी एका मराठीभाषक समाजाला इंग्रजी नाव घ्यावे लागले. मराठीने त्याच्यासाठी जागा ठेवली असती तर ‘वसईकर’, ‘साष्टीकर’ एवढे पुरे होते.

६

बंगालीशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँटनी हा पोर्तुगीज वंशाचा कवियाल बंगालीत देवीची पदे रचून जाहीर सवाल-जवाबांत उतरत असे. तो ‘अँटनी फिरिंगी’ ह्याच नावाने बंगाली साहित्याच्या इतिहासात गणला जातो. तेथे हा शब्द कवीच्या नावाचा भाग झाला आणि त्यातील दुरावा कवितेने भरून काढला. मराठीत ह्याहून मोठी घटना आधीच घडून गेली होती. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, आणि मराठी वाङ्मयेतिहासाने त्याच्या कर्त्याला आदराने आपले म्हटले. परंतु ह्या आदरातही एक पेच आहे. जन्माने खरोखर परक्या असलेल्या ग्रंथकाराने मराठी लिहिली, ह्याचे कौतुक करणे आपल्याला सोपे जाते. ज्याची मातृभाषाच मराठीची बोली आहे अशा वसईच्या लेखकाचे मराठी लेखन मात्र ‘ख्रिस्ती साहित्य’ ह्या दालनात नेऊन ठेवले जाते, जणू तेही परभाषेत मिळवलेले प्रावीण्य असावे. स्टीफन्सचे कौतुक आणि वसईकराचे वर्गीकरण ह्या दोन्हींच्या तळाशी एकच गृहीत आहे : ख्रिस्ती म्हणजे बाहेरचा.

हा केवळ तात्त्विक आक्षेप नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी केलेल्या विरोधात वाङ्मयीन गुणवत्तेचा मुद्दा गौण होता. त्यांच्या धर्मगुरुपदाचा मुख्य होता. ‘फिरंगी’ हा शब्द उच्चारण्याची कोणाला गरज पडली नाही. चौकट पक्की असली की शब्दाची आवश्यकता उरत नाही. २०२४ मध्ये दिब्रिटो निवर्तले. त्यांच्या किंवा सिसिलिया कार्व्हालो ह्यांच्या लेखनाचा विचार वसईच्या वाडीसंस्कृतीच्या, तिच्या बोलींच्या आणि एकूण मराठी ललित गद्याच्या परंपरेत व्हावयास हवा. त्यांच्या धर्माची नोंद त्या विचाराचा आरंभबिंदू असू नये.

एडवर्ड सईदच्या ‘ओरिएंटॅलिझम’नंतर पश्चिमेने पूर्वेला दिलेल्या नावांची छाननी करण्याची आपल्याला सवय झाली आहे. पूर्वेने पश्चिमेला दिलेल्या नावाची छाननी त्यामानाने कमी झाली. ‘फिरंगी’ हे सईदच्या सिद्धान्ताचे साधे उलटे रूप नव्हे. त्यामागे वसाहतवादी ज्ञानसंस्था नव्हत्या. परंतु नाव देणाऱ्याला नामधारीवर सत्ता मिळाली की कोणतेही नाव निरुपद्रवी राहत नाही, आणि उत्तर कोकणात १७३९ नंतर तशी स्थिती निर्माण झाली होती. वसाहतवादाला विरोध करणारा शब्दही आपल्याच भाषकांपैकी काहींना परके ठरवू शकतो, हे ह्या उदाहरणावरून दिसते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आपल्या ग्रंथाला ‘पोर्तुगेज–मराठे संबंध’ असे नाव दिले, ह्यात इतिहासकाराची शिस्त आहे. ज्या राजसत्तेविषयी बोलायचे तिला तिच्या नावाने ओळखले की तिच्या अंमलाखाली राहिलेल्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखण्याची वाट मोकळी होते.

एकूण विचार करता, ‘फिरंगी’ ह्या शब्दाचा दोष त्याच्या उगमात नाही आणि त्याच्या अर्थातही नाही. नॉर्सभाषकाला ‘फ्राक्की’ कोण हे ठाऊक होते. आज्ञापत्रकाराला फिरंगी आणि डिंगमार ह्यांतील भेद ठाऊक होता. जाणून वापरलेला परकेपणाचा शब्द अन्याय करीत नाही. अन्याय होतो तो शब्द माणसांवरून प्रदेशावर आणि प्रदेशावरून पुन्हा दुसऱ्याच माणसांवर घसरतो तेव्हा. वसईच्या बाबतीत ही घसरण दोनदा घडली, एकदा ‘फिरंगाण’ ह्या नावाने आणि एकदा ‘पोर्तुगीज’ ह्या नावाने. ती तिसऱ्यांदा ‘ख्रिस्ती साहित्य’ ह्या दालनाच्या नावाने घडू नये, ही जबाबदारी मराठी समीक्षेची आहे. त्यासाठी नवी परिभाषा घडवण्याची आवश्यकता नाही. इंग्रजाला मुंबईकर आणि हबशाला जंजिरेकर म्हणू शकणारा प्रत्यय मराठीपाशी पूर्वीपासून आहे. वसईच्या लेखकाला वसईकर म्हणण्यास तो पुरेसा आहे.